आण्णांना सांग, बाग गहाण टाकायची नाही

ताई, मी तासगाव तालुक्यातली. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा करून चार वर्षं झाली, मिरजेत एका हॉस्पिटलात आयसीयूला ड्युटी करते. हातात १९,००० रुपये पडतात. दोन महिन्यांपूर्वी ओळखीतून पुण्यातले एक एजंट भेटले. जर्मनीत नर्सची नोकरी आणि वर्क व्हिसा करून देतात. एकूण साडेसहा लाख, त्यातले अडीच लाख आत्ता, बाकीचे व्हिसा लागल्यावर. म्हणतात, 'जर्मन इथं शिकायची गरज नाही, तिकडं गेल्यावर हॉस्पिटलच शिकवतं.' वर्क परमिट व्हॉट्सॲपवर आलंय, सोबत जोडते. अपोस्टीलचे, म्हणजे कागद परदेशात चालावेत म्हणून मारायच्या सरकारी शिक्क्याचे, ४०,००० वेगळे. मूळ मार्कशीट आणि पासपोर्ट मागच्या आठवड्यात त्यांच्याकडे जमा केलेत. धाकटा भाऊ आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे, त्यालाही टुरिस्ट व्हिसावर नेऊन तिथं कामाचा व्हिसा करून देऊ म्हणतात. आण्णा द्राक्षबागेतला एक एकर गहाण टाकायला निघालेत, सावकार शेकडा तीननं देतोय. भावकीत सगळ्यांना सांगूनही झालंय. माझं मन धजत नाही, पण आण्णांना नाही कसं म्हणू? आणि भाषा जमेल का, हीपण भीती. पेशंटकडून कन्नड तेवढं शिकले, इंग्रजी अजून अडखळतच बोलते.
एक स्टाफ नर्स, मिरज

आधी उत्तर सांगते, कारणं मागून. पैसे देऊ नका. एक रुपयाही नाही, टोकन म्हणूनसुद्धा नाही. आणि हे वाचून झालं की पहिला फोन मूळ कागद परत मागण्यासाठी कर. जर्मनीला जावं की नाही हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्यावर माझं मत 'जा' असंच आहे. चार वर्षं आयसीयू केलेली नर्स तिथल्या हॉस्पिटलांना खरंच हवी आहे. फक्त तुला ज्या वाटेनं न्यायला निघालेत ती वाट जर्मनीला जात नाही.

तू जोडलेलं 'वर्क परमिट' मी मोठं करून पाहिलं. वर गरुडाचं चिन्ह, खाली श्रम मंत्रालयाचा गोल शिक्का, कोपऱ्यात तुझा पासपोर्ट साईज फोटो आणि मध्ये ठळक अक्षरांत महिना ३,४०० युरो. घरच्यांना दाखवायला झकास कागद आहे. पण जर्मनीत असा कागद निघतच नाही. २००५ पासून तिथं कामाचा परवाना वेगळा देत नाहीत. काम करायची मुभा व्हिसावरच लिहिलेली असते, आणि पुढे रहिवासाच्या कार्डावर. तिथल्या केंद्रीय रोजगार संस्थेची संमती लागते, हे खरं. ती दूतावास मागवतो, नाहीतर तिथलं परदेशी नागरिकांचं कार्यालय मागवतं, कधी नोकरी देणारा आधीच काढून ठेवतो. उमेदवाराचा फोटो चिकटवून 'परमिट' म्हणून ती कुणाच्या मोबाईलवर येत नाही. शिवाय त्या कागदावर हॉस्पिटलच्या पत्त्यातला पिनकोड चार आकडी आहे. जर्मनीत १९९३ पासून तो पाच आकडी असतो. संपर्काचा ईमेल जीमेलचा आहे. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलला स्वतःच्या नावाचा ईमेल नसेल का, हे तूच सांग.

खरी गोष्ट असती तर तुझ्या हातात करारपत्र आलं असतं. हॉस्पिटलच्या लेटरहेडवर, बहुतेक जर्मनमध्ये. त्यात आठवड्याचे तास असतात, वर्षाची रजा असते, प्रोबेशन किती (ते सहा महिन्यांपेक्षा जास्त नसतं), नोटीस किती, आणि नर्सच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन पगार लिहिलेले असतात: मान्यता मिळेपर्यंतचा एक आणि मान्यता मिळाल्यावरचा दुसरा. कारण पहिल्या दिवसापासून तू तिथं नर्स नसतेस. मदतनीस असतेस. हे एजंटनं सांगितलं नाही, आणि तुझ्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकलं ते हेच. 'आनरकेनुंग' म्हणजे मान्यता. या वाटेवरचा सगळ्यात मोठा टप्पा तो, आणि दोन महिन्यांच्या बोलण्यात हा शब्द एकदाही निघालेला नाही.

मान्यता म्हणजे काय ते नीट समजून घे. जर्मनीत नर्सिंग हा परवान्याचा व्यवसाय आहे, आपल्याकडे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीशिवाय काम करता येत नाही तसा. तुझं जीएनएम तिथल्या तीन वर्षांच्या प्रशिक्षणाशी ताडून बघतात. त्यांच्या प्रशिक्षणात किमान २,१०० तास वर्गातले आणि २,५०० तास प्रत्यक्ष कामाचे असतात. हे काम प्रत्येक राज्याचं आपापलं कार्यालय करतं. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये नोकरी असेल तर श्टुटगार्टचं, बव्हेरियात असेल तर अम्बेर्गचं. त्यामुळे 'जर्मनीत कुठंही लावतो' असं कुणी म्हणालं की समजायचं, अर्ज अजून कुठंच गेलेला नाही.

त्यासाठी तिन्ही वर्षांच्या मार्कशीट, कौन्सिलची नोंदणी, आणि कोणत्या वॉर्डात किती महिने काम केलं ते लिहिलेलं अनुभवपत्र लागतं. शिवाय विषयवार तासांचा तक्ता लागतो, कॉलेजच्या शिक्क्यानिशी. माझ्याकडे जर्मन शिकणाऱ्या विद्यार्थिनींचा सगळ्यात जास्त वेळ या तक्त्यानं खाल्लाय. कॉलेजचे प्राचार्य बदललेले असतात, क्लार्क म्हणतो असा नमुनाच आमच्याकडे नाही. तू आजपासून त्याच्या मागे लाग. यातलं काहीही करायला एजंट लागत नाही.

कागद गेले की काही महिन्यांनी तिकडून पत्र येतं. त्यात तुझ्या शिक्षणात काय कमी पडतं ते लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या मुलींना बहुतेक वेळा काही ना काही कमी निघतंच, वृद्धांच्या सेवेचे तास हमखास. त्यात खचून जाण्यासारखं काही नाही. तो कागद हातात आला की त्याच्याच बळावर व्हिसा मिळतो, तिथल्या रहिवास कायद्यातल्या, मान्यतेसाठी येणाऱ्यांच्या कलम १६ड खाली. साधारण दोन वर्षांचा, पुढे आणखी एक वर्ष वाढवता येणारा. तिथं मदतनीस म्हणून पगार घेत कमी पडलेलं शिकायचं, नाहीतर एक परीक्षा द्यायची आणि मग परवाना. २०२४ पासून अशीही सोय आहे की तासातासाची तुलना नको, मी थेट परीक्षाच देते, असं म्हणता येतं.

आता भाषेचं. इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

भाषेच्या पातळ्या ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा चढत जातात. कायद्यानं त्या व्हिसासाठी ए-टू पातळीचं जर्मन किमान लागतं, आणि नर्सकडून प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी बी-वन मागतात. परवान्यासाठी बी-टू. म्हणजे 'जर्मन लागत नाही' हे वाक्यच खोटं आहे. 'तिकडं हॉस्पिटल शिकवतं' हे अर्धं खरं आहे, आणि मुली फसतात त्या या अर्ध्या खऱ्यातच. पुढचे वर्ग हॉस्पिटलं चालवतात. पण आठ तासांची ड्युटी करून, थंडीत, परक्या गावात, संध्याकाळी वर्गात बसून शून्यापासून भाषा शिकणं कसं असतं ते मला फोनवर ऐकायला मिळतं.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे शिकलेली एक मुलगी एका एजन्सीच्या घाईत चार महिन्यांत कसंबसं बी-वन उरकून गेली. तिथं पोचल्यावर तीन आठवड्यांनी तिचा फोन आला, स्टाफ हॉस्टेलच्या जिन्यात बसून करत होती. म्हणाली, "ताई, वॉर्डातला फोन वाजला की मी बाथरूममध्ये जाऊन उभी राहते. बंद होईपर्यंत." हुशार मुलगी. सलाईन लावायला तिच्यासारखा हात मी पाहिला नव्हता. तिथं मदतनिसाला सलाईन लावू देत नाहीत, आणि जे करू देतात त्यात बोलावं लागतं. आजीला आंघोळ घालताना बोलायचं. जेवण का नको म्हणतात ते विचारायचं. सकाळी शिफ्ट बदलताना दहा-पंधरा पेशंटचं झरझर सांगितलेलं ऐकून लिहून घ्यायचं. पुस्तकात पेशंटला दम लागतो तेव्हा तो 'इश् क्रीगं कायनं लुफ्ट' म्हणतो. श्टुटगार्टकडचे आजोबा 'इ क्रीग कोय लुफ्ट' म्हणतात. परीक्षेत पास झालेली मुलगी तिथं दोन सेकंद थबकते, आणि दम लागलेल्या माणसापुढे दोन सेकंद फार असतात.

तिचं पुढे सगळं नीट झालं, पण बी-टू पुन्हा घासायला आणि परवाना मिळवायला तिला जवळजवळ व्हिसाची सगळी मुदत लागली. तेवढे दिवस पगार मदतनिसाचा.

पण मी तुझ्या पत्रातलं दुसरं एक वाक्य परत परत वाचलं. 'पेशंटकडून कन्नड तेवढं शिकले.' तेवढं? अथणी-विजापूरकडून आलेल्या पेशंटला तू 'एल्ली नोवु' विचारतेस, तो छातीवर हात ठेवतो की पोटावर ते बघतेस, त्यानं सांगितलेलं डॉक्टरांना मराठीत सांगतेस. कुठला क्लास लावला होतास त्यासाठी? नर्सला लागणारी भाषा अशीच येते. इंग्रजी अडखळतं म्हणून घाबरू नकोस. जर्मनला इंग्रजीची पायरी लागत नाही. कित्येकदा तर इंग्रजी कमी असलेल्या मुली उच्चार पटकन उचलतात, कारण जसं लिहिलंय तसं वाचायची सवय देवनागरीनं लावलेलीच असते. लिंगंही तीन, आपल्यासारखीच. फक्त आपली आणि त्यांची जुळत नाहीत. जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. 'तो, ती, ते' म्हणजे काय हे तुला कुणी समजावून सांगावं लागणार नाही, पाठ तेवढं करायचं.

वेळेचा हिशेब कर. शून्यापासून बी-टूपर्यंत ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात असा मॅक्स म्युलर भवनचा, म्हणजे गोएथे इन्स्टिट्यूटचा अंदाज आहे. ८०० धर. म्हणजे ६०० तास. रोज दोन तास बसलीस तर ३०० दिवस. नाईट ड्युटी, सणवार, घरचं आजारपण धरून दीड वर्ष. खासगी क्लास, परीक्षा सगळं मिळून माझ्या विद्यार्थिनींचा खर्च लाख-दीड लाखात बसतो, तोही दीड वर्षात पसरून, दर महिन्याच्या पगारातून. ऑनलाइन बॅच निवड, तुझ्या शिफ्टला तेच परवडेल. गोएथेच्या बी-वन आणि बी-टू परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग असतात, प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात, आणि राहिला तेवढाच भाग पुन्हा देता येतो. श्रवणात पुष्कळ जणी राहतात. एका भागात नापास झालीस म्हणून रडत बसू नकोस.

आण्णांना हे समजावताना बागेचंच उदाहरण दे. एप्रिलची खरड छाटणी झाल्यावर काडीत घड तयार होतो. तेव्हा डोळ्याला काही दिसत नाही, नुसता खर्च दिसतो. ऑक्टोबरला छाटल्यावर तो बाहेर पडतो. एप्रिल चुकवून ऑक्टोबरला कितीही औषधं मारली तरी घड येत नाही, हे तुझ्या आण्णांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. भाषा ही एप्रिलची छाटणी आहे.

अपोस्टीलचे ४०,००० तर अजिबात नकोत. भारत अपोस्टीलच्या आंतरराष्ट्रीय करारात २००५ मध्ये आला खरा, पण जर्मनीनं भारताच्या प्रवेशाला हरकत घेतली. त्यामुळे भारतीय अपोस्टील जर्मनीत ग्राह्य धरत नाहीत. शंका आली तर तिथलं कार्यालय दूतावासामार्फत कागद तपासून घेतं. लागतात ती शपथबद्ध अनुवादकाकडून केलेली जर्मन भाषांतरं. आणखी कुणी एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदांच्या तपासणीचं सर्टिफिकेट काढायला सांगितलं तर तेही तुझ्यासाठी नाही, ते शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना लागतं.

व्हिसाचं काम त्या मानानं सरळ आहे. अर्ज आता जर्मनीच्या सरकारी पोर्टलवर घरबसल्या भरतात, कागद अपलोड करतात, तपासून झाले की बोटांचे ठसे द्यायला बोलावतात. महाराष्ट्र मुंबईच्या वाणिज्य दूतावासाच्या हद्दीत येतो. फी ७५ युरो, म्हणजे सात-आठ हजार रुपये. नोकरी देणाऱ्याला घाई असेल तर तो तिकडं ४११ युरो भरून जलद प्रक्रिया सुरू करू शकतो. मग तीन आठवड्यांत भेटीची तारीख आणि पुढच्या तीन आठवड्यांत निर्णय, असा नियम आहे. हे ४११ युरो हॉस्पिटल भरतं. साडेसहा लाखातले किती खरोखर व्हिसाला लागतात ते आता तूच मोज.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. अर्ज फेटाळला तर पूर्वी दूतावासाकडेच फेरविचार मागता यायचा. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता नव्यानं अर्ज करायचा, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जायचं. त्या खोट्या परमिटसकट तुझा अर्ज गेला तर डाग एजंटच्या नावावर लागणार नाही, तुझ्या पासपोर्टवर लागेल. चार वर्षांच्या आयसीयूवर पाणी पडेल.

मग पैसे कुणी द्यायचे? ज्याला नर्स हवी त्यानं. हे मी भाबडेपणानं सांगत नाहीये. परदेशातून नर्स आणणाऱ्या जर्मन एजन्सींसाठी तिथं सरकारी गुणवत्ता शिक्का आहे, 'फेअरे आनवेर्बुंग फ्लेगे डॉयचलांड' नावाचा, आणि तो मिळवायची अटच अशी की नोकरी लावण्याचा खर्च नर्सकडून घ्यायचा नाही. केरळ सरकारची नोर्का रूट्स ही संस्था जर्मन सरकारी संस्थांबरोबर 'ट्रिपल विन' योजनेत नर्स पाठवते, तीही नर्सकडून फी न घेता. आपल्या राज्यानंही २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळासाठी करार केलाय. त्याची चौकशी जरूर कर, पण त्याची वाट बघत भाषा लांबणीवर टाकू नकोस. आणि आपल्याकडचा कायदा सांगायचा तर १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्याकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी असावी लागते. ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी उघडी आहे, तिथं या गृहस्थांच्या फर्मचं नाव शोध. नोंदणीकृत एजंटलासुद्धा सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी, एवढंच घेता येतं. साडेसहा लाख कुठं आणि हे कुठं.

एजंटनं तुम्हाला पेपरातलं कात्रणही दाखवलं असणार, 'जर्मनी ९०,००० भारतीयांना व्हिसा देणार'. बातमी खरी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये कुशल भारतीयांसाठीचा वर्षाचा आकडा २०,००० वरून ९०,००० करण्याचं जाहीर झालं. पण आकडा वाढला, अटी नाही ढिल्या झाल्या. ९०,००० तिकिटं खिडकीवर ठेवलेली नाहीत की आधी पैसे भरेल त्यानं उचलावीत.

चांगली नोकरी मिळाली तरी करारात एक कलम नीट वाच: परतफेडीचं. 'इतक्या वर्षांच्या आत सोडलंस तर भाषेचा, प्रवासाचा, मान्यतेचा खर्च परत कर' असं त्यात असतं, आणि रक्कम कधी कधी हजारो युरोंची असते. दर महिन्याला कमी होत जाणारी, ठरावीक आणि हिशेब दाखवलेली रक्कम एकवेळ समजू शकते. सरसकट मोठा आकडा असेल तर सही करू नकोस. तिथली कामगार न्यायालयं अशी अवाजवी कलमं बाद ठरवतात, पण नव्या देशात पहिल्याच वर्षी कोर्टाची पायरी कोण चढणार? 'फेअर इंटिग्रेशन' ही तिथली सल्ला सेवा परदेशी कामगारांना फुकट मार्गदर्शन करते, आणि १ जानेवारी २०२६ पासून बाहेरच्या देशातून माणूस आणणाऱ्या मालकानं कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत या सल्ल्याची माहिती देणं बंधनकारक आहे. नाव लिहून ठेव.

भावाचं थोडक्यात. टुरिस्ट व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, काम करता येत नाही, आणि तिथं बसून तो कामाच्या व्हिसात बदलून मिळत नाही. गेला तर तो बेकायदा कामगार होईल, पकडला तर परत पाठवतील आणि युरोपचं दार पुढची काही वर्षं बंद. त्याचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, त्याला पुढे 'चान्सनकार्टं'चा, म्हणजे नोकरी शोधायला जायच्या कार्डाचा विचार करता येईल. पण त्यालाही किमान ए-वन जर्मन किंवा बी-टू इंग्रजी लागतं, गुण जमवावे लागतात आणि खर्चाची तरतूद दाखवावी लागते, २०२५ च्या हिशेबानं महिना १,०९१ युरो. आत्ता घरात हा विषय नकोच. त्याला तुझ्या शेजारी ए-वनला बसव, दोघं मिळून पाठ करा.

आता आण्णा.

आण्णा लोभापायी बाग गहाण टाकत नाहीयेत. द्राक्षाला जीव लावणारा माणूस बागेतला एकर सावकाराला लिहून द्यायला निघतो, तेव्हा त्याच्या डोळ्यापुढे फक्त लेक असते. भावकीत सांगून झालंय, म्हणजे आता माघार घेणं त्यांना अपमानासारखं वाटणार. राग एजंटवर निघणार नाही, आधी तुझ्यावर निघेल. निघू दे. तू 'मला जायचंच नाही' असं मात्र म्हणू नकोस, ते खरंही नाही आणि त्यानं त्यांचं काळीज दुखेल. 'मी जाणार आहे, पण दीड वर्षानं, आणि बाग न टाकता' असं म्हण. भावकीला सांगायलाही त्यांना एक वाक्य मिळेल: पोरगी जर्मन शिकतेय, मग जाणार आहे.

आणि हिशेब त्यांच्याच वहीत लिहून दाखव. साडेसहा लाखावर शेकडा तीन म्हणजे महिन्याला १९,५०० नुसतं व्याज. तुझा आत्ताचा पगार १९,०००. समजा गेलीस, आणि मान्यता मिळेपर्यंत मदतनीस म्हणून २,८०० युरोचा करार असला, तर कर आणि विमा कापून हातात साधारण १,९०० ते २,००० येतात. त्यातून खोलीचं भाडं, जेवण, प्रवास, घरटी महिना १८.३६ युरोची रेडिओ-टीव्ही वर्गणी, सगळं जाऊन उरेल त्यातलं बरंचसं सावकाराला. मुद्दल तसंच. आणि परमिटच खोटं असल्यावर हा हिशेबही सुरू व्हायचा नाही, नुसतं व्याज सुरू होईल.

तरी त्यांना पटलं नाही तर वाद घालू नकोस. संध्याकाळी जेवणं झाल्यावर त्यांना शेजारी बसव, एजंटला फोन लाव आणि स्पीकरवर ठेव. आवाज चढवू नकोस. विचार: तुमचा ई-मायग्रेटचा नोंदणी क्रमांक काय? माझ्या मान्यतेचा अर्ज कोणत्या राज्याच्या कार्यालयात, कोणत्या तारखेला गेला? हॉस्पिटलचं जर्मन करारपत्र कधी पाठवता? आणि बी-टूशिवाय मला परवाना मिळेल असं तुम्ही लेटरहेडवर लिहून द्याल का? चार प्रश्न. उत्तरं आण्णांच्या कानांनी ऐकू देत. खरा माणूस असेल तर दोन दिवसांत कागद पाठवेल, आणि मग मला परत लिही, मी ते कागदही बघीन. खोटा असेल तर तो चिडेल, 'तुम्हाला विश्वासच नसेल तर' म्हणेल, किंवा शुक्रवारपर्यंतच सीट आहे म्हणेल.

कागद परत मागताना कारण सांगत बसू नकोस, 'कॉलेजला तासांच्या तक्त्यासाठी मूळ मार्कशीट दाखवायच्यात' एवढं पुरे, आणि ते खरंही आहे. टाळाटाळ झाली तर आधी व्हॉट्सॲपवर लेखी माग, तारीख घालून. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असते, तो अडवून ठेवायचा अधिकार कुठल्याही एजंटला नाही. तरीही देत नसतील तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दे, तिची पोच घे आणि ई-मायग्रेटवरही तक्रार टाक. पुण्याला एकटी जाऊ नकोस, भावाला सोबत घे. मार्कशीट तिन्ही वर्षांच्या आहेत का ते मोज, पासपोर्टची पानं तिथं टेबलावरच एकेक करून बघ, आणि मगच बाहेर पड.